कॉकाटेल चावून राहिला, हातावर येत नाही. तान्ह्या पोळ्यापर्यंत काही शिकते का?

आर्णीवाला

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून लिहून राहिलो. गुढीपाडव्याच्या आसपास पोरीसाठी एक कॉकाटेल आणला, राखाडी रंगाचा, गालावर नारंगी टिकल्या अन् डोक्यावर तुरा. दुकानदार म्हणे तीन महिन्याचा आहे, पंधरा दिवसात बोलाले लागते. पोरगी नऊ वर्षाची आहे, तिनं त्याचं नाव सर्जा ठेवलं कारण तिच्या तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरायचा पोळा) लाकडी नंदीचं नाव राजा आहे. तिच्या डोक्यात असं बसलं की यंदा तान्ह्या पोळ्याले सर्जा नंदीच्या गाडीवर बसंन, घुंगरू वाजवंन अन् सगळ्यायले राम राम म्हणंन.

पण आता आषाढ लागला अन् सर्जा साधा हातावर बी येत नाही. पिंजऱ्यात हात घातला की फुस्स करते अन् चावते. मागच्या आठवड्यात पोरीच्या बोटातून रक्त काढलं, ती रडली पण म्हणे बाबा त्याले मारू नका, तो घाबरला होता. सकाई मोटर सुरू झाली की किंचाळणं चालू, संध्याकाई पुन्हा तेच. आई म्हणते पिंजऱ्यावर पोतं टाक म्हणजे चूप बसते. दोनदा रात्री अंधारात अचानक असा फडफडला की आम्हाले वाटलं मांजर घुसलं, लाइट लावला तर काहीच नाही, खाली चार-पाच पिसं पडलेली.

पिंजरा ओसरीत टांगलेला आहे, टीव्हीच्या बाजूले, म्हणजे त्याले करमंन असं वाटलं. खायला सूर्यफुलाच्या बिया, अन् आई सकाई चहात बुडवलेलं बिस्कीट देते ते तो आवडीनं खाते. गावातला एक जण म्हणे दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप हातावर येते. दुसरा म्हणे पंख काप. मले दोन्ही पटत नाही, पण दुसरं काय करावं ते बी समजत नाही. पोरीचा जीव आहे त्याच्यात. ज्यायनं खरंच पाखरं शिकवली असतील त्यायनं सांगजा, पोळ्याले अजून दोन महिने आहेत.

तुरेवाला_वर्धा

भाऊ, आधी तुमच्या पोरीले माह्याकडून शाब्बास सांगा. तिनं जे ओळखलं ते मले ओळखायला पहिले दोन वर्ष लागले. तो घाबरलेला आहे, बस एवढंच आहे. माह्या घरी अकरा वर्षापासून कॉकाटेल आहेत, म्हातारा नर अजून शिट्टी मारते. नीट ठेवला तर हा पक्षी पंधरा-वीस वर्ष जगते, म्हणजे तुमची पोरगी कॉलेज करून नोकरीले लागंन तरी सर्जा घरात असंन. म्हणून दोन महिन्याची घाई डोक्यातून काढा, पण दोन महिन्यात बरंच होते हे बी खरं.

कॉकाटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथं हे थव्यानं जमिनीवर दाणे टिपत फिरतात अन् वरून ससाणा आला की सगळे भुर्रकन उडतात. नव्वद-शंभर ग्रॅमचा जीव, त्याच्यासाठी वरून आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे शिकारी. आपण काय करतो, पिंजरा उघडतो अन् वरून पंजासारखा हात घालतो. मंग तो चावंन नाही तर काय करंन. चावायच्या आधी तो तुम्हाले दहा वेळा सांगते, फक्त आपल्याले वाचता येत नाही. तुरा पाहात जा. तुरा एकदम ताठ उभा म्हणजे दचकला किंवा लक्ष देऊन पाहून राहिला. तुरा डोक्याले चिपकला, अंग लांब करून चोच उघडी अन् फुस्स, म्हणजे आता जवळ येऊ नका. तुरा अर्धवट तिरपा, पिसं थोडी फुललेली, चोचीचा बारीक करकर आवाज, म्हणजे मजेत आहे, झोपेले आला. पोरीले एक आठवडा फक्त हेच पाहू द्या, वहीत तुऱ्याचं चित्र काढून लिहू द्या. हे ज्याले जमलं त्याले पुढचं सगळं सोपं जाते.

चावला तर हात झटकू नका, ओरडू बी नका, चोचीवर टिचकी तर कधीच नाही. हात झटकला की त्याच्या ध्यानात येते की चावलं म्हणजे हात पळते, मंग पुढच्या वेळेस फुस्स न करता थेट चावते. शांतपणे थांबा, तो सोडते, मंग हात हळू मागं घ्या अन् विचार करा की आपण त्याचं काय ऐकलं नाही.

आता पिंजरा. टीव्हीच्या बाजूचा पिंजरा आजच हलवा. या पक्ष्याले दहा-बारा तास अंधारी, शांत झोप लागते अन् टीव्ही तर अकरापर्यंत चालत असंन. ओसरीतच ठेवा पण एका कोपऱ्यात, दोन बाजूने भिंत असली म्हणजे त्याले मागून कोणी येत नाही याचा भरोसा राहते. टांगू नका, हलते, तुमच्या छातीच्या उंचीवर स्टुलावर ठेवा. आत प्लास्टिकचा दांडा असंन तो काढा अन् कडुनिंबाची डहाळी लावा, कुठं बारीक कुठं जाड अशी, पायाले बरं पडते अन् साल कुरतडण्यात त्याचा वेळ जाते.

रात्री फडफडते ते कॉकाटेलमध्ये लय कॉमन आहे. अंधारात पाल सरकली, बाहेर कुत्रं भुंकलं, भांडं पडलं की दचकून उडते अन् दिसत नाही म्हणून जाळीवर आपटते. झिरोचा बल्ब लावून ठेवा, बस. झाकायचं असंन तर तीन बाजूने सुती कापड, एक बाजू उघडी. अन् आईले पाया पडून सांगा, ओरडला म्हणून पोतं टाकणं बंद. त्यानं तो चूप होते ते भीतीनं, शिकून नाही.

किंचाळण्याचं असं आहे की सकाई-संध्याकाई आवाज देणं त्याच्या रक्तात आहे, थवा कुठं आहे ते विचारते. तुम्ही थवा. त्यानं किंचाळलं अन् तुम्ही धावत आले तर तो किंचाळूनच बोलावंन. म्हणून एक छोटी शिट्टी ठरवा घरातल्या सगळ्यायनं, एकच. तो शांत असताना येता-जाता ती वाजवा. काही दिवसात तो तीच शिट्टी परत मारंन, त्या वेळेस मात्र हातातलं काम टाकून जवळ जा. मोटर सुरू करायच्या आधीच त्याले काही कुरतडायला देऊन ठेवत जा.

खाणं. चहा-बिस्कीट आजपासून बंद, चहा, चॉकलेट, मीठ, कांदा हे पाखराले वाईट. सूर्यफूल बी रोजचं नोको, तेलकट आहे, आपण रोज भजे खाल्ल्यासारखं. ज्वारी, बाजरी, राळे (दुकानात कांगणी म्हणतात) हे मिक्स, अन् हिरवं रोज: शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, कवळं मक्याचं कणीस. हिरवी मिरची बी खाते, पाखराले तिखट लागत नाही. एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसात हळूहळू करा अन् तो खरंच खाऊन राहिला का ते पाहा, काही पाखरं नवीन दाण्याले तोंडच लावत नाहीत. याच्यात एक फायदा असा होते की सूर्यफूल रोजच्या वाटीतून निघालं की तेच बक्षीस बनते. सर्जाले सूर्यफुलाची बी फक्त शिकताना भेटली पाहिजे. उपाशी ठेवायचं काम नाही, एवढ्याशा जीवाले उपाशी ठेवलं तर मरते. सकाईची वाटी भरायच्या आधी पाच मिनिट शिकवा, तेवढी भूक पुरते.

आता शिकवणं. पहिले चार-पाच दिवस पोरगी पिंजऱ्याजवळ बसून मोठ्यानं पुस्तक वाचंन, बस, हात नाही. मंग जाळीतून एक बी. मंग दार उघडून तळहातावर बी, हात खालून, छातीच्या खाली, स्थिर. तो मान लांब करून घेऊन पळंन, पळू द्या. ज्या दिवशी पळत नाही त्या दिवशी बोट त्याच्या पायाच्या जरा वर, पोटाले हलकं टेकवा अन् 'ये' म्हणा. एक पाय ठेवला तरी बी द्या.

याच्यासोबतच काडीचा खेळ सुरू करा. कडुनिंबाची किंवा बांबूची वीतभर काडी घ्या अन् बटणाचा पेन, तो टिक टिक वाजते तो. आधी नुसतं टिक अन् बी, टिक अन् बी, पंधरा-वीस वेळा, म्हणजे टिक म्हणजे बी येते हे त्याले समजते. मंग काडी दाखवा. तो पाहते, चोचीनं टोचते, टोचलं त्या घडीलेच टिक, मंग बी. दोन दिवसात तो काडीच्या मागं चालाले लागते. अन् काडीच्या मागं चालाले लागला की अर्धं काम झालं समजा. काडी गोल फिरवली की तो गिरकी घेते. काडी बोटाच्या पलीकडे धरली की तो आपल्या पायानं बोटावर चढते, त्याले कोणी ढकललं नाही. काडी घुंगराले टेकवली की घुंगरू वाजते, मंग काडी हळूहळू मागं घ्यायची.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच मिनिट, जास्त नाही. तोंड फिरवलं, पिसं साफ कराले लागला, म्हणजे शाळा सुटली. शेवटचं काम सोपं द्या अन् बी देऊन बंद करा.

बाहेर काढायच्या आधी सीलिंग फॅन बंद, दार-खिडकी बंद, चुलीवर काही उकळत नाही ते पाहा, मांजर बाहेर. फॅनमुळं माह्या एका मित्राचा पक्षी गेला, म्हणून हे दहादा सांगतो.

आबाजी_दिग्रस

लेका तुमचं सगळं बराबर असंन पण आमच्या काळात इतकं काही नोतं. आमच्या घरी मिठ्ठू होता, आपला हिरवा देशी, ढोलीतून पिल्लू काढून आणलेलं. एका बाजूचे पंख कापायचे, दिवसभर उपाशी ठेवायचं अन् संध्याकाई हातावरच भाकर द्यायची. महिन्याभरात गडी खांद्यावर बसून वावरात येत होता. सीताराम म्हणे, माह्या बायकोले नावानं हाक मारे, पावणे आले की 'कोण आलं' म्हणे. चौदा वर्ष जगला. गेला त्या दिवशी घरात चूल नाही पेटली. आता बी एक आहे, सहा वर्षाचा, माह्याच हातानं दाणे खाते. म्हणून म्हणतो जुनं सगळंच चुकीचं नसते. पाखरू माणसात वाढलं की माणसाचं होते.

चांदूरबाजारची_ताई

आबाजी, तुमच्या मिठ्ठूवर तुमचा जीव होता हे वाचूनच समजतं, म्हणून राग न धरता वाचा.

मी लहान असताना दरवर्षी आम्ही बहिरमच्या यात्रेला जायचो. हंड्यातलं मटण, रोडगे, तमाशाचे तंबू, सगळं आठवतं, पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पोपटवाला. चटईवर पाकिटांची रांग लावलेली, छोट्या पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट चालत बाहेर यायचा, चोचीनं एक-दोन पाकिटं बाजूला करायचा, एक ओढून मालकाच्या हातात द्यायचा, धानाचा एक दाणा घ्यायचा आणि आपला आपण परत आत जायचा. मला वाटायचं केवढा हुशार आणि केवढा शहाणा, पळून जात नाही. एका वर्षी वडिलांनी मला पुढे बसवलं तेव्हा जवळून पाहिलं. त्याची उडायची पिसं मुळापासून कापलेली होती, नुसते खुंट. आणि दाणा घेतल्यावर तो दुसऱ्या दाण्यासाठी मालकाच्या बोटाकडे पाहत उभा राहिला, मालकानं पिंजऱ्यावर नुसतं बोट वाजवलं तसा घाईघाईनं आत गेला. ती घाई मी अजून विसरले नाही. शिकलेला होताच तो, पण उपाशीपोटी आणि उडता येत नाही म्हणून शिकलेला.

दुसरं म्हणजे कायदा. आपला देशी पोपट, मग तो साधा हिरवा असो की मोठा पहाडी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे पकडणं, विकणं, घरी पाळणं सगळं गुन्हा आहे, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. पिल्लू ढोलीतून काढणं तर त्याहून वाईट, कारण ढोलीवाली झाडंच आता उरली किती, आणि काढलेल्यापैकी कितीतरी पिल्लं रस्त्यातच मरतात. आर्णीवाल्या भाऊंचा कॉकाटेल परदेशी जातीचा, पिंजऱ्यातच पैदास झालेला, त्याची गोष्ट वेगळी. म्हणून कोणी या धाग्यावरून शिकून देशी मिठ्ठूवर प्रयोग करू नका ही हात जोडून विनंती.

आणि पंख कापण्याबद्दल भाऊंना सांगते, घरात उडू शकणारा पक्षी तुमच्याकडे स्वतःहून आला तर समजतं की त्याला यायचं होतं. पंख कापलेला आला तर काहीच समजत नाही. शिवाय तुमचा सर्जा सहा महिन्यांचा पोरगाच आहे, नीट उडायला आणि उतरायला आता तर शिकून राहिला असेल.

आबाजी_दिग्रस

ताई तुमचं वाचलं दोनदा. रागावलो नाही. एक विचारतो, माह्याजवळचा सहा वर्षाचा आहे, आता सोडून देऊ का? पिंजरा उघडला तरी बाहेर येत नाही तो. सकाई इथं पिंपळावर थवा येते, हा आतून ओरडते, ते ओरडतात.

चांदूरबाजारची_ताई

आबाजी, स्वतः सोडू नका. सहा वर्षं हातानं खाल्लेला पक्षी बाहेर दाणे शोधू शकत नाही, पंखात जोर नाही, दोन दिवसात मांजर नाहीतर कावळे त्याला संपवतील. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, त्यावर फोन करा आणि स्वतःहून द्यायचा आहे असं सांगा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जखमी आणि पाळलेल्या वन्यप्राण्यांवर उपचार करतात, पक्षी उडण्यालायक झाला तरच सोडतात. पिंपळावरच्या थव्याला तो ओरडून उत्तर देतो म्हणता ना, ते फार चांगलं लक्षण आहे. फोन करण्याआधी उपाशी वगैरे ठेवू नका, रोजचंच खाणं चालू ठेवा.

आर्णीवाला

तीन आठवडे झाले म्हणून लिहून राहिलो, मधात डवरणी-निंदण चालू होतं, वेळच भेटला नाही.

तुरेवाले भाऊ, तुमचं लिहिलेलं पोरीनं वहीत उतरवलं अन् भिंतीवर चिकटवलं. पिंजरा कोपऱ्यात नेला, झिरोचा बल्ब लावला, त्या दिवसापासून रात्रीचं फडफडणं एकदाच झालं. आई चहा-बिस्कीटवरून दोन दिवस रुसली, आता तीच शेवग्याचा पाला तोडून आणते अन् पहिले सर्जाले देते मंग भाजीले घेते. शिट्टी ठरवली, पोरगी शाळेतून आली की फाटकापासून वाजवते अन् हा आतून बराबर तशीच परत मारते. किंचाळणं निम्म्यावर आलं, मोटरचं अजून आहे.

अकराव्या दिवशी तो तिच्या तळहातावर आला. मी दारातून पाहून राहिलो होतो. तिनं श्वास बी नाही घेतला. त्याची नखं टोचत होती पण हात हलू नाही दिला. दोन बिया खाल्ल्या अन् मंग तिच्या मनगटावरचा काळा दोरा चोचीनं ओढाले लागला. आता काडीच्या मागं चालते, गिरकी अर्धी घेते, पुरी नाही.

पण दोन अडचणी. एक, माह्या हातावर येत नाही, तुरा चिपकवते. मी काय चुकून राहिलो? दुसरं, पोरगी म्हणते नंदीच्या गाडीवर बसवायचं अन् मिरवणुकीत न्यायचं. अन् राम राम कसं शिकवायचं?

पराटी_ते_पिंजरा

भाऊ मधात बोलतो. तुम्ही म्हणता निंदण झालं म्हणजे आता फवारणी सुरू होईल. हात नाही आवडत त्याचं एक कारण वास असू शकते. फवारून आलेला हात साबणानं धुतला तरी कपड्याले, मनगटाले औषध राहते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तिथं नव्वद ग्रॅमच्या पाखराचा काय पाड लागंन. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यापेक्षा लय नाजूक असते, वास बी मारते. फवारणीच्या दिवशी पिंजऱ्याजवळ जाऊच नका, अंघोळ करून कपडे बदलून मंगच. पंप, औषधाच्या बाटल्या ओसरीत ठेवू नका. दांड्यासाठी, काडीसाठी पराटी, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी, अजिबात वापरू नका, अन् वावरातला पाला फवारलेल्या ओळीच्या जवळचा नोको, परसातलाच द्या. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं बी पाखरं पटकन मरतात, हे लोकायले माहीतच नसते.

तुरेवाला_वर्धा

हे औषधाचं फार महत्त्वाचं सांगितलं, माह्या लक्षातून सुटलं होतं. आर्णीवाले भाऊ, तुमच्या हाताचं आधी हेच तपासा. अन् दुसरं, तुम्ही उभे राहून हात देत असाल. खाली बसा, टोपी-दुपट्टा काढा, नजर रोखू नका, पोरीनं जिथून सुरू केलं तिथूनच पहिल्यापासून सुरू करा. तिचा भरोसा तुम्हाले फुकटात भेटत नाही, ज्याचा त्याले कमवा लागते. एक चांगली युक्ती म्हणजे सगळ्यात आवडीची गोष्ट, समजा राळ्याचं कणीस, ते काही दिवस फक्त तुमच्याच हातून द्यायचं.

अर्धी गिरकी घेते म्हणजे तुम्ही काडी जोरात फिरवून राहिले. पाव गोलावर टिक, दोन दिवस. मंग अर्ध्यावर. मंग पाऊणवर. एकदम पूर्ण मागितलं की ते सोडून देतात.

मिरवणुकीचं मात्र नाही म्हणतो अन् पोरीले बी मीच नाही म्हटलं असं सांगा. ढोल, ताशा, फटाके, शंभर पोट्टे, वरून घार. एकदा दचकून उडाला तर वाऱ्याबरोबर कुठं जाईल पत्ता नाही, कॉकाटेल फार वेगानं अन् लांब उडते अन् घरचा रस्ता त्याले ओळखता येत नाही. पायाले दोरी बांधली तर पाय मोडते. अन् नंदीले ऑइल पेंट लावलेला असंन तर ते त्याच्या चोचीत देऊ नका, रंग कुरतडून पोटात जाते, त्यात शिसं असू शकते.

त्याच्या बदल्यात हे करा. पोरीले काडीपेटीची गाडी बनवू द्या, रिकामी काडीपेटी, बाटलीच्या झाकणाची चाकं, वर कागदाचा नंदी, रंग नाही. पुढे सुती जाड दोरी चार बोट लांब अन् टोकाले लाकडी मणी. पहिले नुसता मणी दाखवा, चोचीत धरला की टिक. मंग धरून ठेवला की टिक. मंग मान मागं घेतली, गाडी बोटभर सरकली की टिक अन् दोन बिया. चादरीवर चाकं फसतात म्हणून पाटावर करा. गाडी हलली म्हणून तो पहिल्यांदा घाबरंन, तेव्हा एक-दोन दिवस गाडी पिंजऱ्यापासून हातभर लांब नुसती ठेवा, रोज बोटभर जवळ. खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, एकटा असताना दोरी कधीच नाही, बोटाले गुंडाळली जाते नाहीतर गिळते. घुंगरू पोळ्याच्या साजातलं एखादं पितळी घ्या, जरा मोठं, ज्याच्या फटीत नख अडकणार नाही असं, अन् धुऊन पाटाच्या कडेले बांधा. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाई मिरवणूक झाली की पोरीच्या दोन-तीन मैत्रिणी ओसरीत बोलवा, फॅन बंद, सगळ्या खाली बसलेल्या. तो त्याचा पोळा.

बोलण्याचं. शिट्टी इतकी लवकर उचलली म्हणजे तो नर असण्याची शक्यता जास्त, मादी क्वचितच बोलते. पहिल्या पिसझडीनंतर तोंड पिवळं धम्मक झालं तर नक्कीच नर, ती आता या महिन्या-दोन महिन्यात येईल, तेव्हा पिसं पडताना पाहून घाबरू नका अन् त्या दिवसात जरा चिडचिडा बी राहते, शिकवणं कमी करा. कॉकाटेलचा आवाज पोपटासारखा खणखणीत नसते, बारीक अन् शिट्टीसारखा असते, म्हणून 'राम राम' तो म्हणंन तर चालीत म्हणंन. तुम्ही बी चालीतच म्हणा.

मोबाइलवर दिवसभर रेकॉर्डिंग लावून ठेवू नका, त्यानं नुसता आवाज पाठ होते. अमेरिकेत डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी अलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट शिकवला, तो २००७ मध्ये गेला तोवर शंभराच्या आसपास शब्द समजून वापरत होता. त्यांची पद्धत अशी की पोपटासमोर दोन माणसं बसायची, एक वस्तू दाखवून विचारायचा हे काय, दुसरा बरोबर नाव घ्यायचा अन् त्याले तीच वस्तू भेटायची. पोपट हे पाहून जळते अन् आपणबी बोलून पाहते. घरात हे सोपं आहे. तुम्ही दारातून आत या अन् पोरीले 'राम राम' म्हणा, तिनं 'राम राम' म्हटलं की तिले शेंगदाण्याचा एक दाणा द्या. सर्जासमोर, रोज, त्याच वेळेस. सर्जाले मात्र शेंगदाणा नोको, ओलसर शेंगदाण्याले दिसत नाही अशी बुरशी असते.

अन् एक गोष्ट आजच माहीत करून ठेवा. पक्षी आजार लपवते. पिसं फुगवून, डोळे मिटून, पिंजऱ्याच्या तळाशी बसला, शेपटी श्वासासोबत वर-खाली होऊन राहिली, विष्ठा पाण्यासारखी झाली, तर उद्या पाहू म्हणू नका. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. जाताना खोक्यात, हवेले भोकं, खाली कापड, अंधार.

आबाजी_दिग्रस

१९२६ वर फोन केला होता. वनविभागाचे दोघं जण आले, मिठ्ठूले जाळीच्या पेटीत नेलं. रागावले नाही, चांगलं बोलले. कागदावर सही घेतली. पेटीत टाकतानी त्यानं 'कोण आलं' म्हटलं. पिंजरा अजून ओसरीतच आहे, नातू म्हणते त्यात कुंडी ठेवू. सकाई पिंपळावर थवा येते तेव्हा मी बाहेर बसतो. सूर्यफूल अन् बाजरी शिल्लक होती ती तिथंच ओट्यावर टाकून राहिलो, दोन-तीन उतरतात खाली आता.

आर्णीवाला

काल तान्हा पोळा झाला.

फवारणीच्या वासाचंच होतं बहुतेक. अंघोळ करून, खाली बसून, कणीस घेऊन सुरू केलं, नवव्या दिवशी माह्या बोटावर आला. वजन म्हणून काही लागतच नाही, फक्त पाय गरम लागतात.

मिरवणुकीत पोरगी फक्त लाकडी राजाले घेऊन गेली. परत आल्यावर चार मैत्रिणी आल्या, सगळ्या भिंतीले टेकून बसल्या. आईनं स्वतः उठून फॅन बंद केला. पाटावर गाडी ठेवली. सर्जा आधी तुरा ताठ करून सगळ्यायकडे पाहात राहिला, पोरगी म्हणे थांबा, अजून नाही. तो मान तिरपी करून मण्याकडे गेला, धरला, सोडला. पुन्हा धरला अन् गाडी ओढली, वीतभर. मंग मणी सोडून घुंगराजवळ गेला अन् कोणी न सांगता तीनदा वाजवलं. पोट्ट्या टाळ्या वाजवणार तर पोरीनं तोंडावर बोट ठेवलं, सगळ्यायनं नुसते हात हलवले.

राम राम अजून नाही म्हटलं. पण आज पहाटे मोटर सुरू कराले निघालो तर कोपऱ्यातून चालीत काहीतरी आलं, पहिलं 'रा' लांब अन् मंग नुसती शिट्टी. पोरीले उठवून सांगितलं तर ती तशीच झोपेत जाऊन पिंजऱ्यापुढे बसली.